तारखेला शिकवलेले दोन शब्द

अनवाणी तळपायांना जाणवणारा फरशीचा गारवा, आणि काळ्या काचेवर उमटलेली हिरवी अक्षरे. बाहेर एप्रिलचे ऊन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्यांवर तापत असे, आणि आत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एकमेव वातानुकूलित खोलीत, देवळात शिरावे तसे आम्ही चपला दाराबाहेर काढून बसत असू. संगणकाला धूळ चालत नाही, अशी तेव्हा साऱ्यांची समजूत होती. सन सत्त्याऐंशी, शनिवार, दुपारचे साडेतीन. हजर दोघे, मी आणि माझा सहकारी देसाई. एवढे नोंदवले म्हणजे मला बरे वाटते. उभा जन्म हिशेबखात्यात काढून मग संगणकाकडे वळलेल्या माणसाला, दिवस कोणता आणि हजर कोण, हे सांगितल्याखेरीज कुठलीच गोष्ट सुरू करता येत नाही. आणि अशा माणसाला स्वतःच्या जन्माचा दिवस मात्र ठाऊक नाही!

कागदोपत्री ठाऊक आहे. एक जून. आमच्या कोकणातल्या शाळेत मूल आणून बसवले की मास्तर विचारत, जन्म कधीचा? आणणारा काका किंवा मामा डोके खाजवून म्हणे, लावणीच्या सुमाराचा. नाहीतर, मोठा वारा झाला त्या साली. लावणी आणि वारा मांडायला मास्तरांकडे रकाना नसे. शाळा जूनमध्ये भरते, तर वय त्या दिवशी नेमके पुरे व्हावे, म्हणून ते एक जून लिहून मोकळे होत. अशा रीतीने आमच्या गावातली निम्मी माणसे एकाच दिवशी जन्मली. कुणाला त्याचे काही वाटले नाही. जन्म झाला हे खरे, मग तो कधी झाला याची एवढी फिकीर कशाला?

मला फिकीर होती, आणि तिचे कारण सरळ आहे. माझ्या तारखेतले वर्ष तेवढे पक्के. कारण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, मी आईच्या मांडीवर असताना, माझे वडील मुंबईत गिरणीच्या कामावर तापाने गेले. पावसामुळे बोटी बंद होत्या. आई जाऊ शकली नाही. त्याआधी त्या वर्षात ते गावी आले होते फक्त एकदा, शिमग्याला, मार्च महिन्यात. आता तुम्हीच मांडून पाहा. मी जूनमध्ये जन्मलो असेन, तर वडिलांनी मला पाहिले नाही. शिमग्याच्या आधी जन्मलो असेन, तर पाहिले. माझ्या आयुष्यात याहून सोपा हिशेब दुसरा आला नाही, आणि चाळिशी उलटून गेली तरी तेवढाच एक सुटला नव्हता.

तुम्ही म्हणाल, पाहिले काय आणि न पाहिले काय, आता त्याने काय होणार? मीही स्वतःला असे पुष्कळदा बजावले आहे. बोरिवलीत दोन खोल्यांचे घर, नियमित पगार, बायको विमल, मार्गी लागलेली मुलगी. एवढे पदरात असताना जुने उकरायचे कशाला? पण मन काही ताळेबंद नव्हे, की एका बाजूचे जमेला धरून दुसऱ्या बाजूची वजावट करावी. वडिलांचा फोटो नाही. त्यांच्या हातची वस्तू नाही. त्यांचा चेहरा मला आठवणे शक्यच नाही, हे मी केव्हाच मान्य केले आहे. मी त्यांना पाहिले नाही, ते राहू दे. निदान त्यांनी मला पाहिलेले असावे, एवढीच माझी मागणी. दोघांपैकी एकाच्या डोळ्यांत तरी आमची भेट झालेली असावी. ती मागणी मी कुणापुढे बोलून दाखवली नाही, पण दर वर्षी एक जूनला कचेरीतले लोक हात हातात घेऊन शुभेच्छा देत, तेव्हा ती आत कुठेतरी हलायची. त्या तारखेत माझा जन्म होता आणि माझ्या वडिलांची अनुपस्थितीही. जन्म खरा मानावा तर अनुपस्थितीही खरी होत होती.

आई मी पाच वर्षांचा असताना गेली. नदीपलीकडच्या गावात दिलेल्या माझ्या आतेने, वडिलांच्या बहिणीने, मला वाढवले. सत्तरी ओलांडल्यावर ती आमच्याकडे बोरिवलीला आली आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर तिने कायमचा मुक्काम ठोकला. तिला मी लहानपणापासून विचारत आलो होतो, ‘आते, बाबांनी माका बगलेला काय गो?’ आणि तिचे उत्तर कधी चुकले नाही. ‘बगल्यान तर! बगल्याशिवाय कसो जायत?’

केवढे गोड उत्तर! पण मी हिशेबाचा माणूस. मी परीक्षेला जाताना, पास होईन का, असे विचारले तरी ती ‘होशील तर’ म्हणे, आणि विमलने पोळ्या करपवल्या तरी तिला त्या ‘बऱ्या झाल्या तर’ असत. ज्याच्या त्याच्या मनातले ओळखून होकार द्यायचा, हीच तिची माया. विमल एकदा हसत म्हणाली, ‘अहो, आत्याबाईंना विचारा, उद्या सूर्य पूर्वेला उगवेल का? मग विचारा, पश्चिमेला उगवेल का? दोन्हीला तर म्हणतील.’ आते बाल्कनीतून ओरडली, ‘आयकतंय हां मी!’ खरे म्हणजे मलाही तेच वाटत होते. जो कुणाला नाही म्हणत नाही, त्याच्या होकाराची किंमत किती धरायची?

त्या दिवसांत आमच्या कंपनीने भांडुपच्या कारखान्यातल्या कामगारांची निवृत्तीची यादी संगणकावर घ्यायचे ठरवले. साहेबांच्या मेहुण्याने परदेशातून एक नवीच संगणकभाषा आणून दिली होती; तिच्यात प्रोग्रॅम लिहायचे काम देसाईकडे आणि माझ्याकडे आले. देसाई कांदिवलीचा, माझ्याच वयाचा, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखा. पहिली यादी त्याने काढली. ज्याचे वय जास्त तो आधी निवृत्त, असा विचार करून त्याने दोन जन्मतारखांच्या मध्ये जास्तीचे चिन्ह ठेवले. पण ज्याचे वय जास्त त्याची तारीख मागची, म्हणजे यंत्राच्या मोजणीत कमी! यादी उफराटी आली, आणि तशीच सूचनाफलकावर लागली. सर्वांत वर नाव होते एका फिटरचे, ज्याला मिसरूडही नीट फुटले नव्हते. तो भांडुपहून थेट आमच्याकडे आला आणि दारात चपला काढत म्हणाला, ‘साहेब, पुढच्या महिन्यात लग्न आहे. रिटायर माणसाला मुलगी देतील ना?’

‘वाट लागली, परब,’ देसाई कपाळाला हात लावून मला म्हणाला. ‘हे चिन्ह बघितलं की दर वेळी मला थांबून विचार करायला लागतो यार. लहान तारीख म्हणजे म्हातारा की पोरगा?’

त्याचे हसू आले, तरी त्याचा प्रश्न मला मोलाचा वाटला. कमी आणि जास्त ही चिन्हे नारळ मोजण्यासाठी, पोती मोजण्यासाठी. दिवस कधी एकमेकांपेक्षा कमी असतात का? दिवाळी होळीपेक्षा लहान आहे, असे कुणी म्हटले तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहू. दिवस आधी असतात, नाहीतर नंतर. जगातल्या प्रत्येक भाषेला हे दोन शब्द पहिल्यापासून ठाऊक असणार. आणि हे लाखमोलाचे यंत्र मात्र ते जाणत नव्हते. ते बरोबर मोजत होते, पण त्याने मोजलेले माणसाला वाचता येत नव्हते. आणि जे वाचता येत नाही त्यातली चूक दिसणार कुणाला?

त्या भाषेची एक खुबी होती. ती घडवणाऱ्यांनी आकडा, शब्द, तारीख असे काही वर्ग तयार करून दिले होते. वर्ग म्हणजे एका जातीच्या सगळ्या वस्तूंना काय काय येते, याची शिकवण. तारखेच्या वर्गाला आजचा वार सांगता येई, पुढचा महिना काढता येई, दोन दिवसांतले अंतर मोजता येई. आणि हे तयार वर्ग मोहोरबंद नव्हते! ते उघडून आपण त्यांना आपले शब्द शिकवू शकत होतो. आणि एकदा शिकवले की त्या यंत्रातल्या झाडून साऱ्या तारखांना ते आपोआप येत. एका मुलाला शिकवावे आणि त्याच्या सगळ्या भावंडांना उमगावे, तसे.

मी प्रथम घाबरलो, हे सांगायला हरकत नाही. दुसऱ्याने बांधलेल्या घराच्या भिंतीत खिळा ठोकताना हात कचरतो, तसे झाले. सातासमुद्रापलीकडच्या कुणी विद्वानाने विचारपूर्वक रचलेल्या वर्गात हिशेबखात्यातून आलेल्या परबने बोट घालावे? म्हणून मी स्वतःला एक नियम घालून दिला: जे आहे त्यातले काही बदलायचे नाही, काढायचे नाही, फक्त भर घालायची. मग तारखेचा वर्ग उघडला आणि रोमन अक्षरांत, पण आपल्या भाषेतले, दोन शब्द लिहिले. आधी, आणि नंतर. आत तेच जुने कमी-जास्तीचे चिन्ह काम करत होते. मी फक्त त्याच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी पाटी लावली. चिन्हांची जी ओळ तीन वेळा वाचूनही समजत नसे ती आता अशी झाली: याची जन्मतारीख त्याच्या जन्मतारखेच्या आधी असेल, तर याचे नाव वर. यादी सुलटी झाली आणि फिटरचे लग्न वाचले. देसाईने ओळ मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला. ‘झकास! हे तर बोलल्यासारखं झालं रे.’ छापलेला कागद मी कौतुकाने घरी नेला. विमलने चष्मा लावून तो वाचला आणि ती म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं, तुम्ही तिथे काहीतरी कठीण करता.’ तिला ते सोपे वाटावे, याहून मोठी पावती मला मिळणार नव्हती.

एखाद्या शब्दाशी नवी मैत्री झाली की तो सगळीकडे भेटू लागतो. त्या दोन शब्दांचे तसे झाले. बाल्कनीत आते बोलत असे आणि मी ऐकत असे, आणि मला एके दिवशी उमगले की आतेच्या बोलण्यात तारीख नावाची चीजच नाही. तारखा हा पोस्टाचा आणि सरकारचा कारभार. तिच्या आयुष्यात होते ते फक्त आधी आणि नंतर. ‘तुका शाळेत घातला ता कपिला व्यायल्यावर,’ ती सांगे, ‘पण विहिरीचो काठ बांदूच्या आदी.’ सत्तर वर्षांचे आयुष्य तिने अशा लहान लहान गाठींनी विणले होते, आणि एकही गाठ सुटली नव्हती. मी एवढी वर्षे तिला चुकीचा प्रश्न विचारत होतो. पाहिले का, असे विचारले की तिच्यातली माया उत्तर देई. काय आधी आणि काय नंतर, असे विचारले तर तिची स्मृती उत्तर देणार होती.

मग मी एक उद्योग आरंभला, जो कचेरीच्या कामात कुठेच बसत नव्हता. शनिवारी अर्धा दिवस. दुपारनंतर यंत्र मोकळे असे. तारखेच्या शेजारी मी एक नवा वर्ग उभा केला आणि त्याला नाव दिले घटना. तिला दिवस नाही, महिना नाही, साल नाही. पण तारखेला शिकवलेले तेच दोन शब्द मी तिलाही शिकवले. एका घटनेला आपल्या लगेच आधीचे काय, एवढेच ठाऊक. दूरचे विचारले की ती आपल्या शेजारणीला विचारते, शेजारीण तिच्या शेजारणीला. चाळीत एखादा निरोप या दारातून त्या दारात जावा, तसा प्रश्न मागे मागे जातो आणि कुठेतरी पोचला तर हो होऊन परततो. पोचला नाही, तर नाही. मी त्यात माझे बारसे घातले, वडिलांचा शेवटचा शिमगा घातला, आणि आतेकडून येतील तसतशा साऱ्या घटना घालत गेलो. आणि दर शनिवारी विचारत गेलो. बारसे शिमग्याच्या आधी? नाही. बारसे शिमग्याच्या नंतर? नाही. यंत्र दोन्हीला नाही म्हणत होते, कारण दोघांना जोडणारे दार कुठे नव्हते. त्या कोरड्या नकाराचा मला राग येई. आणि त्याच वेळी, उद्या हे हो म्हणालेच तर ते माझ्या समाधानासाठी नसेल, याचा आधारही वाटे.

आतेला मी कशासाठी विचारतो ते सांगितले नव्हते. वडिलांच्या शेवटच्या शिमग्याबद्दल तिला एक गोष्ट स्पष्ट आठवत होती. आमच्याकडे होळीसाठी झाड तोडून उभे करतात. त्या वर्षी गावाने तिच्या सासरच्या मागीलदारातला आंबा मागितला आणि सासऱ्यांनी दिला. होळी झाल्यावर वडील नदी ओलांडून तिला भेटायला आले, मागच्या अंगणात गेले आणि थबकले. आते त्यांचा आवाज काढून सांगे, ‘खंय गेलो गो तुमचो आंबो? घर बोडक्यासारख्या दिसता!’ त्यावर दोघे भावंडे हसली होती. ते त्यांचे शेवटचे हसणे, असे ती कधी म्हणाली नाही, पण दर वेळी तिथे पोचली की थोडी थांबत असे. आंबा तुटला, मग वडील तिच्याकडे आले. मी हे यंत्राला सांगितले. यंत्र तरीही नाहीच म्हणाले. माझ्या बारशाला त्या आंब्याशी काय देणेघेणे?

ते कळले एका पाळण्यामुळे. आमच्या खालच्या मजल्यावर गुजराती कुटुंब राहते. त्यांच्याकडे नात झाली आणि त्यांनी आपल्या पद्धतीचा, लोखंडी घोडीवर टांगलेला कापडी पाळणा आणला. तो दिवसभर कुरकुरे. आतेला तो अजिबात पसंत पडला नाही. एका संध्याकाळी विमल मेथी निवडत होती आणि आते तिला सांगत होती, ‘लोखंडाक काय माया आसता? आमची झोळी आंब्याक बांदलेली. वारो इलो की पोर आपसूक झुलता.’

‘शालनताईंना पण तिथेच झोपवायचात?’ विमलने विचारले. शालन ही आतेची मुलगी, माझी आतेबहीण, माझ्याहून पाचसहा महिन्यांनी मोठी.

‘मगे! ह्येच्या बारश्याक जाऊचा होता तेव्हा शालग्या झोळयेत गाढ झोपलेला. सासू म्हणता, आसूं दे, मी बगतंय. मी म्हटलंय, नको बाय, वाटेत भूक लागात. तशाच आंब्याखालून उचललंय न् चलाक लागलंय.’

हातातले वर्तमानपत्र मी खाली ठेवले. ‘आते,’ मी विचारले, ‘खंयचो आंबो गो? मागीलदारचो?’

‘आमच्याकडे काय दहा आंबे होते?’

तुम्हाला हे केव्हाच दिसले असेल. मलाही दिसले. त्यासाठी यंत्राची गरज नव्हती. पण ज्याला आयुष्यभर एक गोष्ट हवी असते, त्याचा स्वतःच्या बेरजेवर विश्वास नसतो. ती दोन वाक्ये आते कितीतरी वर्षे सांगत आली असेल, एक शिमग्याच्या गप्पांत, दुसरे बाळंतपणाच्या; तिच्या मनात किंवा माझ्या, ती कधी शेजारी बसलीच नव्हती. शनिवारपर्यंत मी कुणाशी काही बोललो नाही. शनिवारी चपला काढल्या, त्या गार फरशीवर पाय ठेवले, आणि आणखी एकच घटना घातली: बारशाच्या दिवशी आंबा उभा. मग नेहमीचा प्रश्न टंकला. बारसे शेवटच्या शिमग्याच्या आधी? हिरवा ठिपका क्षणभर लुकलुकला. प्रश्न होळीच्या दारातून आंब्याच्या दारात गेला, आंब्याच्या दारातून बारशाच्या, आणि परतला.

हो.

देसाई मागच्या टेबलावर डबा उघडून बसला होता. मी बराच वेळ हललो नाही, म्हणून त्याने विचारले, ‘काय रे, मशीनने पगारवाढ दिली की काय?’ मी त्याला सारे सांगितले. तो उठून आला आणि पडद्याकडे पाहत उभा राहिला. ‘मग तुझा एक जून खोटा,’ तो शेवटी म्हणाला. ‘खोटा,’ मी म्हणालो. ‘जाऊ दे ना, ऑफिसात नको सांगूस,’ तो म्हणाला, ‘फुकट कागदपत्रं बदलायला लावतील.’ आणि त्याने डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

घरी परतताना वाटले होते की आता आत काहीतरी निवेल. निवले नाही. उलट असे झाले की, बंद दाराबाहेर उभे राहायची सवय झालेल्या माणसासमोर ते किंचित किलकिले व्हावे, आणि आत दिसणाऱ्या उजेडाच्या पट्टीने त्याला जास्तच अधीर करावे. माझे वडील घरी आले तेव्हा मी घरात होतो, एवढे सिद्ध झाले. पण एका घरात असणे म्हणजे काय? तेव्हाचे पुरुष पहिल्या मुलाकडे मोठ्यांच्या देखत पाहतही नसत. आठ दिवसांची सुट्टी. त्यात शेताची कामे, पालखी, भेटीगाठी. बाळंतिणीची खोली काळोखी. त्यांनी आत डोकावून पाहिले असेल, मान हलवली असेल, आणि बाहेर निघून गेले असतील. आधी या शब्दाला केवढा अभिमान, आणि किती थोडे ठाऊक! तो दोन दिवसांना रांगेत उभे करतो. त्या दिवसांत कोण कुणाजवळ गेले, हे त्याला विचारायची सोय नाही.

संध्याकाळी विमलने चहा केला. मी बाल्कनीत आतेच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. विमलही कपबशी घेऊन उंबऱ्यावर टेकली. मी आतेला आंब्याचा, झोळीचा आणि यंत्राचा सारा हिशेब समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला.

‘म्हणजे मी सांगी ता खरा,’ ती म्हणाली.

‘खरा, आते.’

‘ता तुका पटाक मशीन लागला!’ विमलकडे वळून ती म्हणाली, ‘बगलंस गो? ह्येका न्हाऊक घातलंय, जेवक घातलंय, आणि माझ्यावर विश्वास नाय. मशिनीवर आसा.’

विमल हसली. मी हसलो नाही. मला पुढचे विचारायचे होते, आणि ते विचारण्याइतका लहान मी गेल्या कित्येक वर्षांत झालो नव्हतो. मी खालच्या रस्त्याकडे पाहत विचारले, ‘आते, बाबांनी माका उचलून घेतलेला काय गो?’

मला तिचे ‘घेतल्यान तर!’ ऐकू येऊ लागलेच होते. पण तिने हातातली बशी खाली ठेवली. बहुधा तिला कळले असावे, की आज मला नुसता गोड होकार नको आहे.

‘ता माका म्हायत नाय, झिला,’ ती म्हणाली. ‘मी थंय नाय होतंय.’

जन्मभरात तिने मला दिलेला तो पहिला नकार. मी मान डोलावली. त्यापुढे विचारण्यासारखे काही उरले नव्हते, आणि विचारायला ती सोडून कुणी उरलेही नव्हते. खाली पाळणा कुरकुरत होता. आते त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती, आणि मग, माझ्यासाठी नव्हे, आपल्याशीच बोलावे तशी हळूहळू बोलू लागली.

‘आमच्याकडे इलो तेव्हा शालग्याक मात्र उचललेन. अंगणात खेळत बसलेला, तसाच उचललेन, न् मानेखाली हात धरून उभो रवलो. ह्यो असो.’ तिने आपला सुरकुतलेला तळवा हवेत उताणा धरला. ‘माका हसाक इला. मी म्हटलंय, दादा, ता आता बसता उठता रे, मान कित्या धरतंस? तर माझ्याकडे बगून म्हणता, आठ दिस झाले गो, हाताक सवय झाली.’

विमलने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. ती समोर बसली होती, म्हणून मी हात मानेकडे नेला नाही. ती कपबश्या घेऊन आत गेल्यावर नेला.